औषधाची चिठ्ठी आणि रिकामा खिसा

गेल्या महिन्यात या सदरात रक्तदाबाविषयी लिहिले होते. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी, बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, मीठ कमी खावे, असे सर्व डॉक्टर सांगतात तेच मीही सांगितले. त्यावर एका वाचकाची चिठ्ठी वार्ताहरामार्फत दवाखान्यात येऊन पोचली. वहीचा फाडलेला कागद, खाली नाव नाही. मजकूर असा : "डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिता ते बरोबर आहे. पण माझी गोळी विसरल्यामुळे बंद झाली नाही. कोरोनात धंदा बसला तेव्हा बंद केली. नंतर उसनवारी फेडण्यात तीन वर्षे गेली. आता काही त्रास होत नाही म्हणून घेत नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. यावर लिहा."

चिठ्ठी मी दोनदा वाचली. कोरोना आता जुना विषय झाला, असे बऱ्याच वाचकांना वाटेल. ताप, खोकला, ऑक्सिजन यांच्यापुरता तो जुना झालाही. पण त्या दोन वर्षांत घराघरांतला पैसा आटला, त्याचे शरीरावर जे परिणाम झाले ते माझ्या दवाखान्यात आजही बाकावर बसलेले असतात. लकवा, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे, डोळ्यांतला मधुमेह, वाढलेला क्षयरोग. या माणसांना विचारत विचारत मागे गेले की गाडी बहुतेक वेळा २०२० किंवा २०२१ सालावर येऊन थांबते. तेव्हा यावर लिहायलाच हवे.

आधी काळ नीट आठवू या, कारण त्यातच बरेच काही आहे. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनची देशभरची टाळेबंदी. एकवीस दिवसांची म्हणून सुरू झालेली ही टाळेबंदी ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे अशी वाढत गेली. पुढे टप्प्याटप्प्याने दारे उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा दुकाने बंद झाली, १४ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आणखी कडक झाले, ते जूनमध्ये सैल होऊ लागले. सगळे निर्बंध उठले ते २०२२ च्या पाडव्याला.

आता आपल्यासारख्या गावाच्या दृष्टीने हे महिने पाहा. एप्रिल आणि मे. दोन्ही वर्षी नेमके हेच. म्हणजे लग्नसराई, जत्रा आणि उन्हाळा. मंडपवाला, बँडवाला, आचारी, वाढपी, फोटोग्राफर, बांगड्यांचा कासार, शिंपी, कुंभार, रसवंतीवाला, गोळेवाला ही सारी मंडळी या दोन-अडीच महिन्यांत कमावतात आणि त्यावर पुढचे आठ-नऊ महिने ओढतात. नोकरदाराचा एप्रिलचा पगार बुडाला तर एप्रिलचाच बुडतो. कुंभाराचा एप्रिल बुडाला की वर्ष बुडते. पहिल्या वर्षी लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होती. दुसऱ्या वर्षी पंचवीस माणसे आणि दोन तास, एवढ्यात लग्न उरका असा हुकूम आला. पंचवीस माणसांच्या लग्नात आचाऱ्याला काय काम, आणि बँड कोण लावणार? पंढरीची पायी वारीही दोन्ही वर्षी झाली नाही, पालख्या एसटीने गेल्या. वाटेवर चहा, फुले, प्रसाद विकून चार पैसे गाठीला बांधणाऱ्यांचे काय झाले, याची नोंद कुठे झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

औषधाच्या दुकानातली गोष्ट

माझी स्वतःची हकीकत सांगतो. पहिले आठ दिवस मीही घाबरून दवाखाना बंद ठेवला होता. घरात ऐंशीच्या घरातले वडील. नंतर उघडला, पण टेबलापुढे दोरी बांधली. रुग्ण दोरीपलीकडे, मी अलीकडे. लांबून विचारायचे, लांबूनच चिठ्ठी लिहायची. छातीला नळी लावणे नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधणे नाही.

जुलै २०२० मध्ये एका संध्याकाळी शेजारचा मेडिकलवाला दुकान लावता लावता मला म्हणाला, "डॉक्टर, एक सांगू का? तुमची चिठ्ठी घेऊन माणसं येतात आणि विचारतात, यातली एकच कोणती घेऊ? कुणी म्हणतं पाच दिवसांच्या लिहिल्यात, दोन दिवसांच्याच द्या. कुणी बिलाची बेरीज विचारतं आणि चिठ्ठी खिशात घालून जातं. मी काय सांगायचं त्यांना?"

मी खजील झालो. तीस वर्षे या गावात प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या घरी किती गुंठे जमीन आहे, मुलगी कुठे दिली आहे, हे मला माहीत असते. पण तो माझ्या दारातून बाहेर पडून औषधाच्या दुकानात काय करतो, हे मला माहीत नव्हते. आणि रुग्ण ते डॉक्टरला सांगत नाही. तपासणी फी देतो, नमस्कार करतो, "बरं साहेब" म्हणतो. गरिबी सांगायची लाज वाटते. फी माघारी करावी लागेल म्हणून डॉक्टरला संकोच वाटेल, असेही त्यालाच वाटते. आपली माणसे अशी आहेत.

या अबोल्याची किंमत किती असते ते पुढच्याच महिन्यात कळले. आमच्या पेठेत एक टेलरमास्तर आहेत. वय तेव्हा अठ्ठेचाळीस. रक्तदाबासाठी दोन गोळ्या मीच चालू केलेल्या. मे महिन्यात ते पाठदुखीसाठी येऊन गेले होते. दोरीपलीकडून मी विचारले, "मास्तर, बीपीची गोळी चालू आहे ना?" ते म्हणाले, "चालू आहे साहेब." ऑगस्टमध्ये पोळ्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर मध्ये धरून आणले. तोंड वाकडे, उजवा हात लुळा, रक्तदाब २१० वर १२०. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, जीव वाचला.

नंतर त्यांच्या पत्नीने सगळे सांगितले. एप्रिलपासून मास्तर अर्धी अर्धी गोळी घेत होते. मग एक दिवसाआड. मग जूनमध्ये शाळा उघडतील, गणवेशाची शिलाई येईल, तेव्हा पुन्हा सुरू करू म्हणून पूर्ण बंद. शाळा उघडल्या नाहीत. दोन्ही गोळ्यांचा महिन्याचा खर्च तेव्हा साडेतीनशे रुपयांच्या आसपास येत होता. त्याच औषधांच्या साध्या, कंपनीच्या नावाचा बडिवार नसलेल्या गोळ्या त्याच्या पाव पैशांत मिळाल्या असत्या. मला कुणी विचारले असते तर मी दोन मिनिटांत चिठ्ठी बदलून दिली असती. पण मला विचारायचे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आणि मी "चालू आहे ना?" असा प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर "हो" असेच येते. "गोळ्या आणायला पैसे पुरतात का?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. पट्टा बांधला असता तर आकड्याने तरी सांगितले असते. तोही बांधला नाही.

मास्तर आता पायमशीन चालवतात. कात्री मात्र उजव्या हातात धरवत नाही. कापायचे काम त्यांच्या पत्नी शिकल्या.

डाळीचा हिशेब

औषधाआधी पोटाचे पाहू. टाळेबंदीत सरकारने धान्य दिले आणि ते नक्कीच मोठे काम होते. ते नसते तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला नेहमीचे पाच किलो आणि एप्रिल २०२० पासून आणखी पाच किलो मोफत. त्याशिवाय नोव्हेंबरपर्यंत कुटुंबाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा. जनधन खाते असलेल्या बायांना तीन महिने पाचशे रुपये. राज्याची शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांवर आली, २०२१ मध्ये काही काळ फुकटही मिळाली.

आता डॉक्टरच्या दृष्टीने हिशेब करू. माणशी दहा किलो धान्य म्हणजे दिवसाला ३३३ ग्रॅम. त्यातून सुमारे साडेअकराशे कॅलरी मिळतात. मध्यम कष्टाच्या पुरुषाला रोज सुमारे २,७०० लागतात, बाईला २,१०० च्या वर. उरलेल्या कॅलरी तेल, शेंगदाणे, गूळ, दूध यांतून यायच्या, म्हणजे विकत आणायच्या. डाळीचा हिशेब तर आणखी बोलका आहे. पाच माणसांच्या घरात एक किलो डाळ महिनाभर पुरवायची, तर माणशी दिवसाला साडेसहा ग्रॅम. चहाच्या चमच्यात मावेल एवढी. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या आहारात डाळी, कडधान्ये, अंडी, मांस मिळून ८५ ग्रॅमची जागा सांगितली आहे. २०२१ च्या मोफत धान्यात तर डाळ नव्हतीच.

ज्यांच्याकडे केशरी कार्ड होते पण प्राधान्य कुटुंबांत नाव नव्हते, त्यांना हे मोफत धान्य नव्हते. राज्याने मे-जून २०२० मध्ये त्यांना गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलोने माणशी पाच किलो दिले. मास्तर केशरी कार्डवाले. रिक्षावाले, छोटे दुकानदार, केशकर्तनालयवाले पुष्कळ जण याच रंगाचे. केशकर्तनालये तर आपल्याकडे २०२० च्या जून अखेरीस उघडली. कागदावर गरीब नाहीत आणि घरात पीठ नाही, अशी ही मंडळी. मागायला जायची सवय नाही, त्यामुळे रांगेतही उभी राहिली नाहीत.

घरात अन्न कमी पडले की प्रथम कोणाच्या ताटातून जाते, हे वाचकांना सांगायला नको. त्या वर्षी पावसाळ्यात माझ्याकडे चक्कर येते, धाप लागते, पायात गोळे येतात अशा तक्रारी घेऊन बाया येऊ लागल्या. सगळ्यांना कोरोना झाल्याची भीती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात, साडेसात. काय खाता विचारले तर भाकरी आणि चहा, भाकरी आणि चटणी. एका बाईने मला सांगितले, "भाजी करते ना, पण ती ह्यांना आणि पोरांना. मी तव्यावरचं पुसून खाते." तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण तव्यावरचे पुसून खाणाऱ्या बाईचे रक्त नुसत्या गोळ्यांनी भरून येत नाही.

यात कोणी विचारील, मग स्वस्तात काय खावे? हुलगा, मटकी, चवळी, फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या, परवडेल आणि चालत असेल तर अंडे. भाकरीबरोबर मूठभर भिजवलेली मटकी मोड आणून खाल्ली तर साध्या चटणीपेक्षा कितीतरी जास्त मिळते. शेवग्याचा पाला दारात असतो आणि आपण तो शेळीला घालतो. पालेभाजीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला की ते वाया जाते. आणि शक्तीची बाटली, शक्तीची पावडर हा खर्च आधी बंद करावा. त्या एका डब्याच्या पैशांत महिनाभराचे शेंगदाणे येतात. डॉक्टर मंडळी माझ्यावर रागावतील, रागावोत.

झोप न येण्याचा आजार

पैसा आटला की माणूस उसने घेतो. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. पण व्याज थांबले नव्हते, ते चढतच होते. पुष्कळांना वाटले हप्ते माफ झाले. सप्टेंबरमध्ये हिशेब पुढे आला तेव्हा डोळे पांढरे झाले. शिवाय गावातल्या सावकाराला, सोनाराला, भिशीला, किराणा दुकानाच्या वहीला रिझर्व्ह बँकेची सवलत लागू नसते. राज्याने एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर, घरकामगार यांना दीड हजार रुपये जाहीर केले. ज्यांची नोंदणी होती त्यांना ते उपयोगी पडले. आपल्याकडे किती भाजीवाल्यांची फेरीवाले म्हणून नोंदणी आहे, हे आपण आठवडी बाजारात गेलात तर विचारून पाहा.

या कर्जाचा आजार दवाखान्यात दुसऱ्याच नावाने येतो. छातीत धडधड, पोटात आग, डोक्यावर ओझे, पहाटे तीनला जाग आणि नंतर डोळ्याला डोळा नाही. मी पित्ताची गोळी देत असे, ईसीजी काढत असे. ईसीजी चांगला येई. एक शाळेच्या मुलांची गाडी चालवणारे गृहस्थ चार वेळा छातीसाठी आले. चौथ्या वेळी मी पेन खाली ठेवून विचारले, "गाडीचा हप्ता किती थकलाय?" ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने डोळे पुसू लागले. दीड वर्ष शाळा बंद, गाडी दारात उभी, गाडी ओढून नेण्याचे फोन रोज. त्यांना औषधाची गरज होतीच, पण त्याआधी त्यांच्या भावाला बोलावून घेण्याची गरज होती. त्याला बोलावले. गाडी विकली, कर्ज निम्मे फिटले, आता ते दूध संघाच्या टेम्पोवर आहेत. सगळ्यांचे असे होत नाही. म्हणून सांगतो, घरातला माणूस गप्प गप्प राहू लागला, जेवण टाळू लागला, "माझ्यानंतर" अशी भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये आणि चेष्टेवारी नेऊ नये. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

दारूबद्दल एक वाक्य लिहून पुढे जातो. त्या दिवसांत दारू एकाएकी तुटल्याने थरथर, भास, झटके आलेले रुग्ण मी पाहिले, आणि मे २०२० मध्ये दुकाने उघडल्यावर घरातला शेवटचा पैसा त्या रांगेत गेलेलाही पाहिला.

रोग लपवण्याची दोन कारणे

क्षयरोगाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. देशात २०१९ साली सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. सहा लाख माणसांचा क्षय एका वर्षात बरा झाला असे कुणी समजू नये. ती माणसे दवाखान्यात पोचलीच नाहीत. गाड्या बंद, जवळ पैसा नाही, आणि खोकलो तर उचलून शाळेतल्या विलगीकरणात ठेवतील ही भीती. पुण्या-मुंबईहून आणि कारखान्यांवरून परतलेले तरुण घरात खोकत राहिले. क्षयाला लागते ती पोषणाची उणीव, आणि ती त्या वर्षी घरोघर होती. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लहानांना लागण झाली. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासणे आणि औषधे सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसेही खात्यात येतात. २०१८ पासून ते महिन्याला पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले.

आणि २०२१ च्या एप्रिल-मेमधली दवाखान्याची बिले. सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साधा विभाग दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. महागडी औषधे आणि काही तपासण्या त्याच्या बाहेर. बांधलेल्या दरानेच दहा दिवस व्हेंटिलेटरचे नव्वद हजार होतात. मंगळसूत्र मोडलेली, बैलजोडी विकलेली घरे माझ्या ओळखीत आहेत. काही घरांत सोने गेले आणि माणूसही गेला.

मग निर्बंध नकोच होते का? असे मी म्हणणार नाही. मे २०२१ मध्ये एका खाटेसाठी मी स्वतः अकरा ठिकाणी फोन केले होते. रुग्ण माझा शाळासोबती होता. खाट मिळाली नाही. ज्याने ती रात्र पाहिली तो गर्दी रोखू नका असे म्हणणार नाही. पण आम्ही डॉक्टर कोरोनाच्या रुग्णाला स्टेरॉइड देत होतो, त्याने जीव वाचत होते, आणि तरीही रोज त्याची साखर तपासत होतो, कारण स्टेरॉइडने साखर चढते हे आम्हाला माहीत होते. टाळेबंदीने पोट खपाटीला जाते, हे माहीत असायला डॉक्टरही असावे लागत नाही. मग तिची साखर कुणी तपासली? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत भुसावळकडे निघाले होते. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र वाचकांनी पाहिले असेल. त्या सोळांना विषाणूने मारले नव्हते.

त्या काळात मी काय करायला हवे होते, हे मला आता कळते. दोरी बांधली ते ठीक, पण दोरीवर पट्टा टाकून रक्तदाब मोजता आला असता. महिन्याऐवजी दोन महिन्यांची चिठ्ठी, तीही स्वस्त गोळ्यांची, लिहिता आली असती. मेडिकलवाल्याशी मार्चमध्येच बोलता आले असते. आता माझ्या टेबलावर कागद चिकटवला आहे, "औषध परवडत नसेल तर सांगा, लाजू नका." माणसे तो वाचतात आणि तरी सांगत नाहीत. म्हणून मीच विचारतो.

तुम्हीही सांगायला शिका. "डॉक्टर, महिन्याला औषधाला माझ्याकडे दोनशे रुपये आहेत, त्यात बसवा," असे सरळ म्हणावे. पाच औषधांच्या चिठ्ठीत दोन तरी अशी असतात की त्यांच्यावाचून अडत नाही. हे मी माझ्याच चिठ्ठ्यांविषयी बोलतो आहे. जनऔषधी केंद्रात रक्तदाबाच्या साध्या गोळ्यांची पट्टी एक-दोन चहांच्या पैशांत मिळते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत आहेत. एखादे वेळी साठा संपलेला असतो, चार दिवसांनी पुन्हा जावे. मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड रुग्णाबरोबरच न्यावे, बिल भरून झाल्यावर नव्हे.

काही औषधे मात्र पैशांची कितीही ओढ असली तरी एकाएकी तोडू नयेत. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, क्षयाच्या गोळ्या, हृदयात स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधे, नाडीचा वेग कमी करणाऱ्या हृदयाच्या गोळ्या, दम्याचा पंप, मानसिक आजाराची औषधे आणि बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड. यातले एकही कमी करायचे तर डॉक्टरला विचारूनच. उसने घेण्याची पाळीच आली तर यांच्यासाठी घ्यावे, टॉनिकसाठी नाही. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवावी आणि डबा ओल्या मातीच्या मडक्यात. आमच्याकडे एका आजींचे उन्हाळे असेच निघतात.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या वाचकासाठी. तुम्ही म्हणता काही त्रास होत नाही. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खोड आहे. मास्तरांनाही ऑगस्टच्या त्या सकाळपर्यंत काही होत नव्हते. पण जुनी चिठ्ठी काढून जुन्या गोळ्या आपल्या मनाने एकदम सुरू करू नका. इतक्या वर्षांत वजन बदलले असेल, कदाचित मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, मात्रा वेगळी लागेल. आधी रक्तदाब दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. लघवीतली प्रथिने, रक्तातले क्रिएटिनिन आणि साखर एकदा तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात सकाळी नऊच्या आत गेलात तर हे सगळे एका फेरीत होते. चहा न घेता जा, जुनी चिठ्ठी सापडली तर ती बरोबर ठेवा. आणि तुमच्यासारखे पुष्कळ आहेत असे तुम्ही लिहिले आहे, त्यांच्यापैकी एखाद्याला सोबत न्या.